डावे दात

९ सप्टेंबर, मंगळवार

आलं एकदाचं. ग्राइंडर! नारिंगी रंगाचं ते धूड मामाने टेबलाच्या बरोबर मधोमध बोल्ट मारून बसवलं, आणि माझी वाइस, चेन पकडून ठेवायचा शिकंजा, सरकवली कोपऱ्यात, नळाजवळ. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

विकणारा टाय लावून आला होता. करवती दुरुस्त करायच्या दुकानात टाय! त्याने चेनसॉची चेन अडकवली, हँडल खाली दाबलं – झुर्र. पुढचा दात – झुर्र. "बघा साहेब, डोळे मिटून करता येतं." मामा विरघळला. अरे, डोळे मिटूनच करायचं असेल तर घरी जाऊन झोप ना!

मामाचा हात आधीच जड. आता त्या जड हाताला मोटार मिळाली. एक दात उजवा, एक डावा, पुन्हा उजवा – प्रत्येकाचा तिरपेपणा सांभाळायचा, गोल कानस आतून बाहेर न्यायची, फक्त पुढे, मागे येताना उचलायची. दात बोलतो तेव्हा. आधी खरखर, मग सळसळ, मग एकदम गप्प होतो – म्हणजे झाला. ग्राइंडरला हे ऐकू येणार? तो स्वतःच ओरडतोय.

मामीचं सुरू – "कॉलेजात मशीनंच शिकायला घातलं होतं ना तुला? मग मशीन बघून तोंड का वाकडं?"

म्हणूनच वाकडं! तिथे मशीनची चित्रं काढून घेतली नुसती. शेवटी सरांना वर्गात विचारलं, "सर, तुम्ही जन्मात एक तरी स्क्रू पिळलाय का?" संपलं कॉलेज. आई रडली, आणि मी इथे मामाकडे. पण इथे निदान लोखंडाला हात लागतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

झुर्र. झुर्र. झुर्र. डोकं उठलं. दुकानात जळका वास, आणि मामा त्या वासाला "काम होतंय" म्हणतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

ती आली!!

मी तिला वरची म्हणतो. म्हणजे इथे, या पानावर. समोर काहीच म्हणत नाही. झाडं छाटणाऱ्या टोळीत आहे. बाकीचे सगळे खाली उभे राहून "सांभाळून, सांभाळून" करतात, आणि ही दोरावर लटकून वर फांद्या कापते. कमरेला छोटी चेनसॉ. केसांत भुसा. आज कानाच्या पाळीवर एक बारीक ढलपी चिकटली होती. सांगावं असं वाटलं. नाही सांगितलं. एकेका ढलपीचं काय नशीब असतं!

नेहमीसारखी चेन काढून टेबलावर ठेवली. मामा लगेच पुढे – नाकाने कांदे सोलत – "आता थांबायची गरज नाही बरं का. नवीन मशीन आणलंय. चहा पिऊन होईपर्यंत देतो."

तिने ग्राइंडरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "असू दे मामा. ह्यालाच करू दे. सोमवारी नेईन."

ह्यालाच! मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. टाय लावून आलेल्याला बोलवा रे कोणीतरी, त्याला दाखवा.

मामीने चहा दिला. वरचीने कप डाव्या हाताने उचलला. सही पण डाव्या हाताने करते. पिशवी डाव्या खांद्यावर. जग उजव्या हाताने चालतं आणि ही एकटी त्याला बाजूला सारून जाते – मला इतकं आवडतं ना ते!

१४ सप्टेंबर, रविवार

दुकान बंद. तिची चेन केली. दाताला कानशीचे तीन हात, मोजून, ना कमी ना जास्त. कॅलिपरबिलिपर मी लावत नाही. ज्याच्या डोळ्यांत माप नाही त्याला कॅलिपर लागतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

घेऊन गेली. "झाली?" "झाली." एवढंच बोलणं. काय माणूस आहे मी. सरांसमोर तोफ आणि हिच्यासमोर फुसका बार.

२० सप्टेंबर, शनिवार

आज मामाची जिरली!

झालं असं – वरची आली, चेन ठेवून गेली, आणि मामाची अक्कल पाजळणं सुरू. "हाताने दोन्ही बाजू सारख्या होतच नाहीत. उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू जास्त घासली जाते. एकीकडचे दात आखूड, एकीकडचे लांब. आणि जिकडचे लांब, तिकडे करवत ओढते. सरळ कापायला गेलं की काप वाकडा जातो. मशीनला डावं-उजवं नसतं, समजलं?"

हे सगळं त्या टायवाल्याचं भाषण. शब्दन्‌ शब्द पाठ केलंय.

मी म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही बघ हिची चेन. दर आठवड्याला मीच करतो. लाव कॅलिपर."

मामाने लावला. डावा दात. उजवा दात. पुन्हा डावा. चष्मा पुसला. पुन्हा लावला. केसाचा फरक नाही! दोन्ही बाजू सारख्या. आठवडाभर झाडावर झिजून आलेली चेन, तरी सारखी!

मामा म्हणाला, "हं."

"हं" काय? हरलो म्हण ना! मामी आतून हसत होती, ते वेगळंच. म्हणे, "आता हा आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार." वाटणारच. पाटा-वरवंटा घेऊन वाटणार.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वखारवाला आला होता, लाकडाच्या वखारीचा मालक. पोट आधी, मग तो. मागच्या आठवड्यात त्याची चेन मी केली होती. काप डावीकडे जातो म्हणे. फळीचा एक तुकडाच आणला होता पुरावा म्हणून, केळ्यासारखा वाकडा. "सरळ धरतो हो मी, करवतच ओढते!"

मी म्हटलं, "चेन फिरते ती पट्टी वाकडी असेल तुमची. नाहीतर हात." नाचता येईना अंगण वाकडं! अशा माणसाच्या हातात चेनसॉ देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

मामाने त्याची चेन ग्राइंडरवर घेतली. झुर्र झुर्र. वखारवाला खूश होऊन गेला. लोकांना आवाज लागतो. ठिणग्या दिसल्या की काम झालं असं वाटतं त्यांना. उथळ पाण्याला खळखळाट फार.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आणखी एक आला तक्रार घेऊन. पट्टी त्याचीही वाकडी! सगळ्या गावाच्या पट्ट्या एकदम वाकड्या व्हायची साथ आलीय की काय.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुसऱ्या कुणाची तरी कानस लागलीय तिला.

चेनला. तिच्या चेनला. आज हातात घेऊन उजेडात धरली आणि अंगातून वीज गेली. माझी कानस बारीक आहे, खोबण बारीक पडते. उजव्या दातांवर ती आहे, माझीच. पण डावे दात! खोबण रुंद. जाड कानस. आणि रेघा खालून वर चढलेल्या – माझ्या आडव्या जातात. दुसरा हात! डाव्या सगळ्या दातांवर, एकन्‌ एक!

आधी कधी निरखून पाहिलं नव्हतं. आपलंच काम कोण निरखतं?

कोण आहे हा? आणि अर्धवटच आहे, फक्त डावीच बाजू केली आणि सोडून दिलं. कामही पुरं येत नाही त्या गाढवाला.

ती अजून दारात होती. बाहेर त्यांचा ट्रक उभा, आणि ट्रकवर तो कुरळ्या. ड्रायव्हर. केसांना तेल, गळ्यात लाल रुमाल, सारखं काहीतरी गुणगुणत असतो. हॉर्न वाजवत होता. तिच्यासाठी हॉर्न वाजवतो!

मी विचारलं, "हिला कोण हात लावतं?"

"कुणाला?"

"चेनला."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग चेनकडे. आणि हसली. अगदी मिश्किल, गालात. "कळलं होय तुला? बराच वेळ लागला."

"कोण आहे?"

"आहे कुणीतरी. तोंड कमी चालतं, कानस जास्त."

आणि गेली. कुरळ्याने दार उघडून दिलं तिला. गाडीत बसतानाही हसत होती.

तोंड कमी चालतं! म्हणजे माझं जास्त. म्हणजे तो शहाणा आणि मी बडबड्या. माझ्याकडून आठवड्याला चेन करून घ्यायची आणि मागे त्या तेलकट कुरळ्याच्या मांडीवर ठेवायची – "बघ रे, जरा नीट कर, त्या बावळटाने काय केलंय ते."

थूः.

२८ सप्टेंबर, रविवार

दुकानात कोणी नाही. मामा-मामी बाहेर गेलेत.

केली तिची चेन. ग्राइंडरवर.

हो! ग्राइंडरवर! हाताने कशाला करू? कुणासाठी? नारिंगी धूड चालू केलं आणि हँडल दाबलं ते दाबूनच धरलं. ठिणग्या छातीपर्यंत. प्रत्येक दाताला, उजवा-डावा सगळ्यांना. दाताची कड निळी होईपर्यंत. मोरपंखी निळी. सुंदरच दिसते, शपथ!

निळा दात म्हणजे जळलेला दात. त्याचं पाणी गेलं. वरून काचेसारखा कडक होतो, कानस नुसती घसरते. आता आणू दे त्याची जाड कानस. बस म्हणावं घासत. तोंड कमी चालतं ना तुझं? आता कानसही नाही चालायची.

 

२९ सप्टेंबर, सोमवार

सगळं लिहितो. क्रमाने लिहितो, नाहीतर जमणार नाही.

सकाळी ती आली. मी चेन कागदात गुंडाळून ठेवली होती. "झाली?" "झाली." तोच संवाद. कागद उघडला नाही तिने. डाव्या हातात घेतली आणि गेली. मला गंमत वाटत होती. खरंच वाटत होती.

मग मामा आला. ग्राइंडरचं चाक बघितलं, त्यावर बोट फिरवलं. "कोणी चालवलं? काळं पडलंय पार. कुणाची चेन जाळलीस?"

मी ताठ मानेने सांगितलं. म्हटलं, तूच तर म्हणतोस मशीन उत्तम.

मामा ओरडला नाही. मामा नेहमी ओरडतो. आज हळू आवाजात म्हणाला, "अरे, मीही जाळतो दात. घाईत जळतात. पण खाली उभं राहून ओंडका कापणाऱ्याचे! ती दोरावर लटकते रे. जळका दात ठिसूळ असतो, तुटून उडतो. करवत उसळते. आणि तिचा दोर त्या चेनपासून वीतभर लांब असतो!"

वीतभर.

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! दोर मी पाहिलाय. चेन मी पाहिलीय. फक्त दोन्ही एकत्र पाहिले नाहीत. डोक्यात तो कुरळ्या बसला होता.

मामाची स्कूटर घेतली. दवाखान्याच्या आवारातल्या झाडांची छाटणी चालू आहे हे कुरळ्याच्या तोंडून ऐकलं होतं, तेवढं एक तरी त्याच्या तोंडाचं उपयोगी पडलं. रस्त्यात काय काय दिसलं ते लिहीत नाही. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं.

आवारात शिरलो. उंच झाड, दोर वरपासून खालपर्यंत सोडलेला. वर बघायचं धाडस होईना. बघितलं. दोर रिकामा.

ती ट्रकच्या मागच्या फळीवर बसली होती. फळीला एक छोटी वाइस, त्यात चेन. डाव्या हातात कानस. जाड कानस! मान खाली. कानस घसरायची, किंचाळायची, ती पुन्हा लावायची. बोटाला फडकं बांधलेलं होतं, त्यावर रक्त.

कुरळ्याने मला आधी पाहिलं. "ताई, हे आले बघा तुमचे कानसवाले. विचारा यांनाच. सकाळपासून घासतेय आमची ताई, दात दादच देत नाही. तुम्ही लोक करता काय तिकडे?"

ताई.

ती वर बघत म्हणाली, "ही तू केलीस?"

तोफ कुठे गेली कोण जाणे. मान हलवली.

"मुद्दाम?"

पुन्हा मान.

तिने कानस खाली ठेवली. बोटाचं फडकं घट्ट केलं. मग सरळ, हिशोब समजावून सांगावा तशी बोलली. "तू डावे दात लांब ठेवतोस. पहिल्यापासून. उजव्यांवर तुझा हात बसतो, डाव्यांवर दाब कमी पडतो. वर फांदी कापताना करवत डावीकडे ओढते. म्हणून दर सोमवारी चढायच्या आधी इथे बसून डावे दात मी कमी करते. माझा हात डावा, मला ती बाजू सोपी जाते. सवय झालीय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझ्या मामाने ग्राइंडरवर घेतली असती."

"मग घ्यायची होती! बरी तरी झाली असती!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी किती मूर्ख असू शकतो याचं माप घेत असावी, कॅलिपरशिवाय. मग फक्त म्हणाली, "हो. बरी तरी झाली असती."

वाइस सोडवली, चेन काढली आणि कचऱ्याच्या पोत्यात टाकली. कुरळ्याला म्हणाली, "नवीन काढ रे." माझ्याकडे पाहिलं नाही परत.

३० सप्टेंबर, मंगळवार

 मामी जेवायला हाक मारून मारून थकली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानातल्या चेना काढल्या, मी केलेल्या. कॅलिपर लावला. उजवे आखूड, डावे लांब. दुसरी – उजवे आखूड, डावे लांब. सगळ्या! एकाच अक्षरात लिहिल्यासारख्या. दाताला तीन हात, मोजून! तीन उजवीकडचे आणि तीन डावीकडचे सारखे कसे असतील, हे इंजिनीअरिंग शिकलेल्या या दीडशहाण्याला सुचलं नाही.

वखारवाल्याचं अंगण सरळ होतं.

आणि मामाला मी छाती ठोकून जी चेन दाखवली, केसाचा फरक नाही म्हणून – ती अर्धी तिची होती. मी तिच्या कामावर मिऱ्या वाटत होतो.

मामा म्हणतो, "आता तरी मशीनवर ये." आला लगेच विजयपताका घेऊन! त्याच्या मशीनचाही कोन एका बाजूला सरकलेला आहे, तेही मोजलं मी. सांगितलं त्याला. "हं," म्हणाला. या घरात सगळ्यांचं डोकं ठिकाणावर आहे असं समजायचं काही कारण नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जुन्या चेनवर डावी बाजू घासतोय. डाव्या हाताने धरून पाहिली कानस. दाताऐवजी अंगठा सोलला. तिला हे पाणी पिण्याइतकं सोपं कसं जातं?

उद्या शनिवार. ती येणार नाही. का यावं?

४ ऑक्टोबर, शनिवार

आली नाही.

कुरळ्या आला. चेन टेबलावर टाकली. मामा लगेच ग्राइंडरचं बटण शोधायला लागला. कुरळ्या म्हणाला, "अहं. ताईने यांच्याकडेच द्यायला सांगितलंय." आणि गुणगुणत गेला, हॉर्न वाजवत. त्याचा आवाज तितका वाईट नाही.

दया आली असेल तिला माझी, दुसरं काय. भीक! वाइसमध्ये लावली. उजेडाकडे फिरवली.

डावे दात झालेले होते. एकन्‌ एक. रुंद खोबण, रेघा खालून वर चढलेल्या, ताज्या, हाताला लागतील अशा.

उजव्यांना हात लावलेला नाही. सगळे बोथट. तसेच ठेवलेले.

मामा! कॅलिपर कुठे ठेवलायस?